सातखाट्या डोहाचा तळ

सातखाट्या डोहाचा तळ डोळ्यांनी पाहून यायचा आणि तो किती खोल आहे ते मोजून आणायचं, एवढ्यासाठी राजकन्येनं लातूरच्या क्लासमधून तीन दिवसांची सुट्टी मागितली. क्लासचे मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून टेस्ट सिरीज. फिजिक्सला तीनशे पोरं बसणार. चौथा दिवस मागू नका!"

"न्हाई मागत सर."

तिला तरी कुठं जास्त दिवस हवे होते? डोहात उतरायचं म्हणजे पाऊण तासाचं काम. पण त्या पाऊण तासाची तयारी तिनं वर्षभर केली होती.

राजकन्या मूळची किल्लारीची. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तेरा वर्षांची होती. पडलेल्या माळवदाखालून तिला सुदाममामानं नुसत्या हातांनी दगड उपसून बाहेर काढलं होतं. आता दोन हजार पाच साल उजाडलं होतं. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि त्यातल्या एका पाटीवर तिचंही नाव होतं. नांदेडला एमएस्सी झाल्यावर ती लक्षद्वीपला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली बुडी मारायला शिकली. पेपरात चार ओळी छापून आल्या. त्या ओळी किनवटच्या जंगलातल्या बोरटोक गावच्या शेषेराव गुरुजींच्या नजरेला पडल्या आणि त्यांनी सरळ पत्रच टाकलं.

बोरटोक म्हणजे चाळीस उंबऱ्यांचं गाव. उन्हाळा आला की बायका पाण्यासाठी दोन कोस चालायच्या, आणि गावाच्या उशाशी, घागर घेऊन चढता येणार नाही अशा खोल दरीत, भरलेला डोह तसाच पडून असायचा. सात खाटांचं सुंभ एकाला एक बांधून, टोकाला दगड लावून सोडलं तरी तळ लागत नाही, म्हणून तो सातखाट्या. पंप बसवायची मागणी केली की साहेब कागदावर लिहून जायचे, 'खोली अज्ञात, झरा अज्ञात.' झालं! पुढं काही नाही. 'ताई, ते अज्ञात तेवढं काढून द्या,' असं गुरुजींनी लिहिलं होतं.

पावसाळ्यात डोहात लोंढा, उन्हाळ्यात शेवाळ. पाणी नितळ असतं ते फक्त पौषात, आणि पौषात त्या दरीत ऊन उतरतच नाही. मागच्या पौषात राजकन्या लक्षद्वीपचाच पातळ रबरी सूट घालून उतरली होती. त्या सुटात पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेनं तेच जरा कोमट होतं, अशी त्याची रीत. पण डोहातलं पाणी कसलं कोमट होतंय! बाराव्या मिनिटाला तिची बोटं लाकडासारखी झाली, टॉर्च हातातून सुटला आणि दात वाजवत ती वर आली. तळ राहिला खालीच.

"ड्रायसूट पाहिजे बेटी," गफूरचाचा म्हणाले होते. "ज्याच्यात पाण्याचा थेंब शिरत नाही असा."

गफूरचाचा नौदलातले जुने पाणबुडे. कानाचा पडदा गेला म्हणून निवृत्त झाले आणि नांदेडच्या बसस्टँडमागं टायर-ट्यूबचं दुकान टाकून बसले. त्यांनी मुंबईच्या गोदीतल्या एका दोस्ताला कळवलं आणि दिवाळीनंतर एका मोठ्या पेटीतून तीन वापरलेले ड्रायसूट नांदेडात येऊन पडले. एक ठेवायचा, दोन परत पाठवायचे.

पेटी उघडली आणि राजकन्येचा जीव पहिल्याच सुटावर बसला. झेंडूसारखा केशरी! दिसायला कोरा करकरीत! छातीवर चकचकीत झडप, पायाला जाडजूड बूट. दुसरा काळा, जाड रबराचा. तिसरा मात्र धुऊन धुऊन विटलेला राखाडी, गुडघ्याला ठिगळ, आणि मनगटाचं रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं तडकलेलं.

"हाच!" राजकन्येनं केशरी सूट उराशी धरला.

"रंगावर जाऊ नको. बैल घेताना रंग बघतात का?" चाचा म्हणाले. "आधी पाण्यात बघू."

त्यांनी सुटांची मान आणि मनगटं बाटल्या खुपसून बंद केली, आत हवा भरली आणि पंक्चर काढायच्या हौदात एकेक सूट दाबला. फुगलेले सूट बुडता बुडेनात! सुदाममामा एकाच्या पोटावर बसला, तेव्हा कुठं तो पाण्याखाली गेला. काळ्याच्या पाठीवरच्या पितळी चेनीतून बुडबुड्यांची माळ निघाली. चेनीचे चार दात वाकलेले होते.

"रबर मी बदलीन, ठिगळ मी लावीन, पण चेन गेली तर सूट गेला," चाचांनी निकाल दिला. काळा बाद झाला. केशरी आणि राखाडी दोन्हींतूनही एक बुडबुडा आला नाही.

चाचांच्या बायकोनं, कमरुन्निसाचाचीनं, दोन्ही सूट हातात घेऊन चोळून पाहिले. चाची शिवणकामात तरबेज होत्या. "अगं, ह्याचं कापड तर छत्रीसारखं पातळ! थंडी कशी थांबंल?"

"सूट नुसता कोरडं ठेवतो. ऊब देतो आतला पोशाख," चाचा म्हणाले.

"मग तो मी शिवते!" चाचींनी तिबेटी लोकांच्या बाजारातून मऊ लोकरी ब्लँकेटं आणली आणि राजकन्येच्या मापाचा अंगभर झबला-पायजमा एकाच तुकड्यात शिवला. तो घालून राजकन्या आरशासमोर उभी राहिली तर हुबेहूब अस्वलाचं पिल्लू!

परीक्षा झाली कंधारच्या तलावात. राजकन्येनं हट्टानं आधी केशरीच चढवला. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच माणसाचा होता. बुटात तिची पावलं खुळखुळत होती, पण तिनं ते कबूल केलं नाही. दोन पुरुष खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानं सूट अंगाला चिमटे घेऊ लागला, तशी तिनं छातीवरची झडप दाबून आत थोडी हवा घेतली. शिंपला बघायला जरा डोकं खाली केलं मात्र, सगळी हवा सळकन पायांकडं धावली! बूट फुग्यासारखे फुगले. पाय वर, डोकं खाली! काही कळायच्या आत ती उलटी वर आली आणि तलावावर नुसते दोन केशरी पाय हलताना दिसू लागले.

"आगं राजे!" काठावरून सुदाममामा ओरडला. "ह्ये काय करून राहिलीस?"

चाचांनी कमरेच्या दोरानं तिला ओढून घेतलं. खोकत, पाणी थुंकत ती बसली आणि आधी चाची हसल्या, मग सगळेच. चाचा मात्र हसले नाहीत.

"इथं वर आभाळ होतं म्हणून वाचलीस. वर दगड असता तर? ढिला सूट म्हणजे हवेला पळायला मैदान! आता तो दुसरा घाल."

राखाडी सूट तिच्या अंगाला बेताचा बसला. ती उकिडवी बसली, छातीशी हात बांधले, मागं हात नेऊन टाकीच्या तोटीला बोटं लावली. कुठं ओढ नाही, कुठं फुगा नाही. चाचांनी त्याला मनगटाचं नवं रबर डकवलं होतं. आत हात घालताना रबर फाटू नये म्हणून तिनं बांगड्या उतरवल्या, नखं कापली, पावडर लावली. मग चाचांनी तिला तलावात मुद्दाम उलटं व्हायला लावलं. एकदा नाही, वीस वेळा! गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारायची, हवा खांद्याकडं आणायची आणि डावा दंड वर करून तिथल्या झडपेतून सोडून द्यायची. विसाव्या कोलांटीला ती बाहेर आली आणि केशरी सूट स्वतःच्या हातानं घडी घालून पेटीत ठेवला.

जड गेलं तिला. पण ठेवला.

आणि आता जानेवारीत मामाची जीप किनवटच्या जंगलात शिरत होती. मागं हवेच्या चार टाक्या, दोर, शिदोरी, आणि टाक्यांना टेकून बसलेल्या चाची. "तू कशाला?" असं चाचांनी निघताना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "रस्त्यात उसवलं तर तुम्ही शिवणार का?"

सागाची मोठाली पानं चाकाखाली कुरकुरत होती. डोंगरउतारावर कुठं पळसाला पहिली कळी धरली होती. बोरटोकच्या अलीकडच्या नाल्यात जीप बोनेटपर्यंत रुतली. गुरुजी दहा माणसं आणि दोन बैल घेऊन धावत आले, तेव्हा कुठं ती निघाली. पहिला दिवस गेला! दुसऱ्या दिवशी टाक्या डोक्यावर घेऊन दरी उतरायची होती. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पाच पोळी लोंबत होती.

"बिडी न्हाई, धूर न्हाई, मोठ्यानं बोलायचं न्हाई," गुरुजी कुजबुजले. "माश्या एकदा उठल्या की सोडत न्हाईत."

आयुष्यात कधी गप्प न बसलेला सुदाममामा दोन तास तोंडावर उपरणं बांधून चालला. डोहाच्या काठी पोचेस्तोवर ऊन कलंडलं होतं. त्यांनी तिथंच वाळूत मुक्काम केला. सुटाला जरा वारा खाऊ दे म्हणून राजकन्येनं तो उंबराच्या फांदीला टांगला.

तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं आणि चाचींनी तिला हलवून उठवलं. "राजकन्या! उठ. पण हलू नको."

उंबराखाली अस्वल उभं होतं! चांगलं थोराड, काळंभोर. पाणी प्यायला आलं होतं, आणि फांदीला लटकलेला बिनमुंडक्याचा राखाडी माणूस पाहून थबकलं होतं. वाऱ्यानं सुटाचे पाय हलले. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. फुरफुरलं. सुटाची बाही लवली. अस्वलानं पंजा उगारला.

"सूट फाडतंय!" राजकन्या ताडकन उठायला गेली. चाचांनी तिचा हात घट्ट धरला.

पंजा बसला. सूट गर्रकन फिरला आणि परत येऊन अस्वलाच्या नाकावर त्याचा बूट थाडदिशी आदळला! अस्वल दचकलं, 'हुफ्' केलं आणि झुडपं मोडत जे पळालं ते मागं वळून बघेना. इतका वेळ श्वास कोंडून बसलेल्या मामानं उपरण्यातच तोंड खुपसून हसून घेतलं.

राजकन्येला हसू येईना. ती धावत झाडाखाली गेली. बुटाच्या टाचेवर करंगळीएवढी चीर! बाकी सूट शाबूत होता. एकच दिवस उरला होता.

"ट्यूबचं सोल्युशन आणलंय मी," चाचा म्हणाले. त्यांनी टाच घासली, ठिगळ चिकटवलं आणि वर दगड ठेवला. "दोन तास. तोवर चेनीला मेण चोळ."

दहा वाजता राजकन्या तयार झाली. आत चाचींचा लोकरी पोशाख, वर राखाडी सूट, कमरेला चाचांचा दोर. चाचांनी खुणा पुन्हा घोकून घेतल्या. एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोड, चार म्हणजे वर घे. खाली हवा किती राहिली की परतायचं तेही ठरलं. काठावर निम्मं गाव गोळा झालं होतं. मोहोळाच्या धाकानं सगळे खुणांनीच बोलत होते.

ती उतरली. पाणी गालांना सुयांसारखं टोचलं, पण गळ्याखाली थंडी पोचलीच नाही! अंग कोरडं, उबदार! मागच्या वर्षी बारा मिनिटांत गोठलेली तीच ही, आणि तोच हा डोह! मास्कच्या आत तिला हसू फुटलं.

पाच मीटर. दहा मीटर. वरचा हिरवा उजेड मावळला. ती सूट चिमटा घेऊ लागला की इवलीशी हवा घ्यायची आणि पुन्हा खाली जायची. टॉर्चच्या झोतात कड्याची भिंत सरकत होती. मग झोतात पिवळसर वाळू आली. पायाला काहीतरी लागलं.

तळ!

मनगटावरचं यंत्र दाखवत होतं, सतरा मीटर. चांगला अंगणाएवढा सपाट, घट्ट खडक, त्यावर बोटभर वाळू. मग सात खाटांचं सुंभ जात कुठं होतं? तिनं टॉर्च फिरवला. तळ एका बाजूला उतरत गेला होता आणि त्या उताराच्या शेवटी कड्याच्या पायथ्याशी काळं भोक होतं, बैलगाडी जाईल एवढं. भोकाच्या तोंडाशी दगडांचा ढीग आणि कुजलेल्या दोरांचा गुंता पडला होता. आजे-पणज्यांनी सोडलेले दगड घरंगळत इथं येत होते आणि वरचा माणूस दोर सोडत बसत होता!

ती भोकाजवळ गेली आणि थबकली. गालांना टोचणारं पाणी एकाएकी सौम्य झालं होतं. नाही, भासच असेल. तिनं तोंड आणखी पुढं केलं. कोमट! आतून कोमट पाणी येत होतं! थंडीतही जमिनीच्या पोटातलं पाणी ऊन असतं. म्हणजे हा नुसता साठलेला पाऊस नव्हता. हा जिता झरा होता!

काम फत्ते झालं होतं. तिथून परत फिरायचं. पण त्या काळ्या भोकात टॉर्चचा झोत गेला आणि आत लांबवर काहीतरी पांढरं चमकलं. गारेचा दगड की आणखी काही? थोडं आत जाऊन पाहू. हातभरच.

ती आत सरकली. हातभर. आणखी हातभर. डोकं उताराकडं झुकलं. आणि कमरेला हिसका बसला. दोर अडकला!

ती वळायला गेली. वाळू उसळली. टॉर्चपुढं नुसता गढूळ धुरळा! हवा पायांकडं धावली. टाचा वर उचलल्या आणि 'ठक्' करून दगडाला भिडल्या. डोकं खाली, पाय छताला. वर आभाळ नव्हतं. दगड होता.

माळवद.

क्षणभर ती तेरा वर्षांची झाली. तोच अंधार, छातीवर तोच भार. तेव्हा बाहेरून मामाचा आवाज यायचा. इथं आवाज नव्हता. फक्त तिचा स्वतःचा श्वास, भराभर. फार भराभर! अशानं टाकी संपेल.

सावकाश. एक श्वास. दुसरा.

गुडघे पोटाशी! तिनं हातांनी खालची वाळू रेटली आणि कोलांटी मारली. टाकी दगडावर खणकन आपटली. निम्मीच फिरली! पुन्हा गुडघे. पुन्हा जोर. फिरली! हवा पायांतून पोटावरून खांद्यांत आली. डावा दंड वर! झडपेतून बुडबुडे फुरफुरत सुटले आणि तिचे गुडघे अलगद वाळूवर टेकले. सूट बेताचा होता म्हणून हवेला दडून बसायला जागा नव्हती. तो केशरी असता तर ती तिथंच छताला चिकटून राहिली असती.

आता दोर. धुरळ्यात दिसत काहीच नव्हतं. तिनं स्वतःच्या कमरेपासून दोर चाचपत नेला. चाचांचा दोर गुळगुळीत, नायलॉनचा. त्याला विळखा घातलेला दोर खरखरीत, सुंभाचा. तिनं सुरी काढली, दोन्ही दोर पुन्हा बोटांनी ओळखले आणि खरखरीत होता तो कापला. एक पीळ. दुसरा. तिसरा. दोर सैल झाला! त्याच क्षणी वरून ओढ आली. एकच. पण किती जोराची! तिनं उलट एक ओढ दिली. ठीक.

टाकीत अजून थोडी हवा होती. धुरळा खाली बसत होता आणि आत पुन्हा ते पांढरं लुकलुकलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. ठरलेल्या आकड्याला काटा टेकला नव्हता, पण टेकायच्या बेतात होता. तिनं पाठ फिरवली आणि दोराला चार हिसके दिले.

बुडीच्या नियमाप्रमाणं पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून ती वर आली, तेव्हा चाचांचे तळवे दोरानं सोललेले होते.

"चार मिनिटं!" ते ओरडले. मोहोळाचा कायदा त्यांनीच मोडला. "चार मिनिटं जवाब नाही! आत गेली होतीस ना?"

"हाव चाचा," राजकन्या मान खाली घालून म्हणाली. "चुकलं."

चाचा दोर गुंडाळू लागले. चाचींनी पाठीवरची चेन उघडली आणि आतल्या लोकरीवरून हात फिरवला. "कोरडी! एक मनगट जरा ओलं झालंय, बस्स. खडखडीत कोरडी आहे पोरगी!"

"सतरा मीटर," राजकन्या गुरुजींना म्हणाली. "तळ पक्का खडक. पंप बसंल. आणि गुरुजी, झरा जिता हाय. पाणी कोमट येतंय."

गुरुजींनी ते वहीत लिहिलं, खाली तारीख घातली आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. गर्दीतून चांगुणाबाई नावाची एक वाकलेली म्हातारी पुढं आली. तिनं राजकन्येच्या गालावर हात ठेवला.

"खाली पाण्याच्या देवी, साती आसरा ऱ्हातात म्हणत्यात. तुला भेटल्या का गं माय?"

"न्हाई आजी, दिसल्या न्हाईत. त्यांच्या दारातून नुसतं ऊन पाणी येत होतं."

"मंग घरातच असतील," म्हातारी समाधानानं म्हणाली. "चूल पेटवली आसंल."

सोमवारी सकाळी सहा वाजता राजकन्या लातुरात फळ्यासमोर उभी होती. मे महिन्यात क्लासच्या ऑफिसात गुरुजींचा फोन आला. पंप महिनाभर चालतोय, डोहाचं पाणी वीतभर उतरून थांबलंय ते थांबलंच, आणि दोन कोस पाण्यावर जाणाऱ्या बायकांनी मोकळ्या झालेल्या वेळात गावात संध्याकाळचं भजन सुरू केलंय, असं ते सांगत होते.

त्या भोकात आत काय चमकत होतं, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. पोरं दर वर्षी विचारतात, "मॅडम, परत जाणार का?"

"जाणार की!" राजकन्या म्हणते. "पण बरोबर दुसरा पाणबुडा पाहिजे. तो मिळेस्तोवर पान नंबर चाळीस उघडा."